शनिवारच्या क्वार्टरचा हिशोब, आणि वहिनीची पावडर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही समजावं म्हणून आधी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही ४३ वर्षांचे, तालुक्याला कृषी केंद्र आहे, दर शनिवारी मित्राच्या वावरात बैठक असते, चौघं जण, माणशी एक क्वार्टर, कधी वरून बिअर. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर लिव्हरच्या तपासणीतलं एसजीपीटी ६८, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराईड २४०, दोन्ही वाढलेले, सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी, ग्रेड १. बायको म्हणते आता बस करा, मित्र म्हणतात थोडी तं हार्टले चांगली असते, मोबाईलवर एक डॉक्टर म्हणतो एक थेंबही विष आहे. आणि तुम्ही विचारता, "आठवड्यातली तेवढीच एक संध्याकाळ आपली असते, तीही सोडायची का?" दुसरा प्रश्न मोठ्या भावाचा आहे, त्यांना सकाळी उठल्यावर देशी दारूची टिल्ली, म्हणजे छोटी बाटली, लागते नाहीतर हात थरथरतात, आणि वहिनीनं कुठून तरी चहात टाकायची पावडर मागवली आहे, ती द्यावी का. दोन्ही प्रश्न एका घरातले असले तरी दोन्हींचं उत्तर एकदम वेगळं आहे, आणि दुसरा जास्त तातडीचा आहे. भावाचं खाली सविस्तर लिहिलंय, पण माझं सगळं वाचून होईपर्यंत ती पावडर चहात जाऊ देऊ नका, एवढं आत्ताच वहिनीला फोन करून सांगा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २६ वर्षांपासून दवाखाना चालवतो. साधा एमबीबीएस आहे, लिव्हरचा स्पेशालिस्ट नाही. पण स्पेशालिस्टकडे माणूस पोटात पाणी झाल्यावर जातो आणि माझ्याकडे तो पहिल्या ॲसिडिटीपासून असतो, त्याचं लग्न मी पाहिलेलं असतं, त्याच्या पोरांना लस मी दिलेली असते, त्यामुळे एकाच माणसाची दारू वीस वर्षं कशी चालत जाते हे मला जवळून दिसतं. मी स्वतः वर्षातून दोन-तीनदा एखादा पेग घेतो, हेही सांगून टाकतो, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल.

आधी मजेचं बोलू, कारण आम्ही डॉक्टर लोक ते बोलतच नाही आणि पेशंट तिथंच कान बंद करतो. मी अशा बैठकीत बसलेलो आहे. डिसेंबरातली थंडी, धुऱ्यावर तूर वाऱ्यानं खुळखुळते, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे टाकलेले, गंजात वांग्याची भाजी शिजते, तिचा वास, आणि पहिला पेग अर्धा झाला की माणसाचे खांदे खाली येतात. आठवडाभर उधारीवाल्यांशी तोंड वाजवून आलेला माणूस एकदम शाळेतली गोष्ट सांगायला लागतो, ज्याचं भावासोबत बोलणं बंद आहे तो त्याच भावाची चौकशी करतो. ही मजा खोटी नाही. दारू मेंदूतला ब्रेक थोडा ढिला करते, भीती आणि लाज कमी करते, आनंदाचं जे डोपामाईन म्हणतात ते वाढवते, आणि हे मुख्यतः रक्तातली दारू चढत असते तेव्हा होतं, म्हणजे सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास. नंतर पातळी वरच राहिली किंवा उतरायला लागली की तीच दारू माणसाला सुस्त करते, कोणाला चिडकं करते, कोणाला रडकं. म्हणून माणूस पहिल्या अर्ध्या तासातली मजा परत आणायला अजून ओततो, आणि ती तशी परत येत नाही. येत्या शनिवारी एक काम करा, सगळ्यात चांगल्या गप्पा कितव्या पेगला झाल्या ते लक्षात ठेवा. मी हे अनेकांना विचारलं आहे, चौथा-पाचवा पेग म्हणणारा मला अजून कोणी भेटला नाही, कारण चौथ्या-पाचव्याचं बरंचसं त्यांना आठवतच नसतं.

आता वजन. लोक बाटली मोजतात, आपण ग्रॅम मोजू. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यातले ३० मिली म्हणजे एक छोटा पेग, त्यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे ६० ग्रॅम. आणि स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली, ८ टक्केवाली, त्यात ४० ग्रॅम असतं, म्हणजे चार पेग, आणि लोक म्हणतात आज दारू नाही घेतली फक्त बिअर घेतली. आता हे पहा, जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पिण्याला जड पिणं धरते. तुमची एक क्वार्टर बरोबर त्या रेषेवर उभी आहे, आणि ज्या दिवशी वरून बिअर होते त्या दिवशी १०० ग्रॅम. "आठवड्यातून एकदाच" हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे, पण आठवडाभराची दारू तीन तासांत शरीरात जाणं आणि रोज थोडी जाणं यात शरीराला फरक पडतो. इंग्लंडमध्ये सरकारी सल्ला आहे की आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका, म्हणजे ११२ ग्रॅम, पण त्यातच हेही सांगितलेलं आहे की एवढी घेतच असाल तर ती तीन किंवा जास्त दिवसांत वाटून घ्या. आपल्याकडे फक्त आकडा सांगतात, वाटणी सांगत नाहीत.

लिव्हर एका तासात साधारण एक पेग, ७ ते १० ग्रॅम, एवढंच जाळतं. लिंबू-पाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानंही हा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री ११ ला क्वार्टर संपली तर सकाळी सहापर्यंत थोडी रक्तात असू शकते. आणि तुम्ही वावरातून रात्री साडेअकराला गाडीवर येता, तेव्हा ७० किलोच्या माणसाच्या १०० मिली रक्तात शंभराच्या आसपास मिलिग्रॅम असू शकतं, कायद्यात मर्यादा ३० आहे, मोटार वाहन कायदा कलम १८५. कायदा राहू द्या, आपले रस्ते कसे आहेत, पुढं विना लाईटचा कापसाचा ट्रॅक्टर उभा असतो, रानडुक्कर आडवं येतं. लिव्हर खराब व्हायला वर्षं लागतात, याला एक वळण लागतं. माझ्या हातून ज्या तरुण पोरांच्या मरणाच्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या त्यात दारूनं लिव्हर गेलेल्यांपेक्षा दारू पिऊन गाडीवर गेलेले जास्त आहेत. म्हणून पहिली गोष्ट मी लिव्हरची नाही सांगत, गाडीची सांगतो. बैठक घरी करा, नाहीतर वावरातच झोपा, नाहीतर त्या दिवशी एक जण न पिणारा ठेवा. घरी बाई गाडीच्या आवाजाकडं कान लावून जागी असते, तिचा तो तास तुमच्या मजेच्या हिशोबात कोण धरते?

झोपेचं पण सांगतो, कारण "पेग घेतला की झोप मस्त लागते" हे रोज ऐकतो. लागते लवकर, पण अर्ध्या रात्रीनंतर तुटते. घशाचे स्नायू ढिले पडून घोरणं वाढतं, लघवीला दोनदा उठावं लागतं, आणि रविवारी सकाळी बीपी मोजलं तर वर असतं. ज्यांना बीपीची गोळी सुरू आहे आणि तरी बीपी बसत नाही अशांना मी गोळी वाढवायच्या आधी शनिवार-रविवारचं विचारतो, बऱ्याचदा उत्तर तिथंच असतं.

तुमचं ट्रायग्लिसराईड आणि लिव्हरची चरबी. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी, तेलाच्या खालोखाल. क्वार्टरमध्ये सव्वाचारशे कॅलरी झाल्या, त्यावर चखण्याचे तळलेले शेंगदाणे, चिवडा, सावजी रस्सा. लिव्हर पहिले दारूच जाळतं कारण ती त्याला विष वाटते, आणि तोपर्यंत बाकीची चरबी तिथंच साठत राहते. तुमची शुगर, पोटाचा घेर हेही कारण असू शकतं, सगळं दारूवर टाकणार नाही, पण दोन्ही मिळून काम लवकर होतं. चांगली गोष्ट अशी की या टप्प्यावरची चरबी उतरते, दारू पूर्ण थांबवली तर काही आठवड्यांतच फरक दिसतो. याच्यापुढचा टप्पा म्हणजे लिव्हरची सूज, त्याच्यापुढं लिव्हर दगडासारखं होणं, सिरॉसिस, ते उतरत नाही, फार तर तिथं थांबवता येतं. आणि मधल्या काळात माणसाला काहीच दुखत नाही, हीच अडचण आहे. लिव्हरचं बरंच काम बिघडेपर्यंत ते बोलत नाही. मग डोळे पिवळे होतात आणि घरचे आधी झाडपाल्याच्या औषधाला, काविळीची माळ घालायला घेऊन फिरतात, तिथं पंधरा दिवस जातात.

मित्र म्हणतात हार्टले चांगली. ही गोष्ट आली कुठून ते सांगतो. फ्रान्समधले लोक लोणी-चीज खाऊनही त्यांना हार्ट अटॅक कमी, ते रेड वाईन पितात म्हणून, असं १९९० च्या सुमारास जगभर पसरलं. नंतर बऱ्याच अभ्यासांत असंच दिसलं की थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी आहेत. पण न पिणारे कोण होते हे नीट पाहिलं तर चूक सापडली. आपल्याच गावात मोजा नं. न पिणाऱ्यांच्या यादीत माळकरी येतील, बाया येतील, आणि तोही येईल ज्यानं दोन वर्षांपूर्वी कावीळ होऊन दारू सोडली, ज्याला शुगर आहे म्हणून डॉक्टरनं बंद केली, जो टीबीच्या गोळ्या खातो. म्हणजे आजारी माणसं न पिणाऱ्यांत मोजली गेली. आणि थोडी पिणारा बऱ्याचदा पगारदार, खाऊन-पिऊन बरा. मग चीनमध्ये पाच लाख लोकांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. तिकडं बऱ्याच लोकांत असा जन्मजात गुण असतो की दारू पचत नाही, चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. कोण कमी पिणार हे जन्मतःच ठरलेलं, आजारपणाचा संबंध नाही. अशा तऱ्हेनं तुलना केली तर थोड्या दारूनं लकवा टळतो असं काही दिसलं नाही, जेवढी दारू जास्त तेवढं बीपी जास्त, लकवा जास्त. तेव्हा प्यायची असेल तर आवडते म्हणून प्या, औषध म्हणून पिऊ नका, आणि बायकोला हार्टचं कारण सांगू नका.

मग मोबाईलवरचा डॉक्टर म्हणतो ते खरं का? जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की तब्येतीसाठी सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. वाक्य बरोबर आहे पण लोक त्याचा अर्थ असा घेतात की मग एक काय नि सहा काय सारखंच, आणि हा अर्थ फार घातक आहे. २०१८ मध्ये एक मोठा जागतिक अभ्यास आला होता, त्यात हिशोब असा होता: दारूशी संबंधित २३ आजार-अपघात धरले तर अजिबात न पिणाऱ्या १ लाख लोकांत वर्षाला ९१४ जणांना त्यातलं काही ना काही होतं. रोज १० ग्रॅम, म्हणजे एक छोटा पेग पिणाऱ्या १ लाखांत ९१८ जणांना. रोज दोन पेगवाल्यांत ९७७. रोज पाच पेगवाल्यांत १२५२. बघा, पहिल्या पेगला चार माणसं वाढली, पाचव्यापर्यंत जाता जाता ३३८ वाढली. म्हणजे उतार आहे, सुरुवातीला सपाट आणि मग एकदम खोल. तुमची मजा सपाट भागातच झालेली असते हे मी वर बोललोच, उरलेल्या पेगांत नुसता खर्च आहे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

पण कॅन्सरच्या बाबतीत आपल्या भागात हा हिशोब जसाच्या तसा लावू नका, कारण आपल्याकडं खर्रा आहे, सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. दारू ही कॅन्सर करणारी गोष्ट आहे हे १९८८ पासून पक्क्या यादीत आहे, तंबाखू जिथं आहे त्याच पहिल्या गटात. शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाईड होतं आणि ते पेशीच्या आतल्या डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणचे कॅन्सर तिच्यामुळं वाढतात. त्यात दारू आणि तंबाखू एकत्र आले की धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. चौघांपैकी किती जणांच्या खिशात खर्ऱ्याची पन्नी असते? पेगासोबत खर्रा चघळणारा माणूस गालाची आतली कातडी दारूनं मऊ करून तिथं तंबाखू-सुपारी-चुना घासत असतो. तोंड तीन बोटं उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल, तिखट लागत नसेल, तर दोन्ही गोष्टी आजच बंद करा आणि तोंड दाखवा. माझ्याकडं एक जण आला होता, दाढी करताना गालाच्या आत फोड लागते म्हणून, अंगठ्यानं गाल बाहेर ओढला तर आत ज्वारीच्या दाण्याएवढी कडक गाठ होती. लवकर आला म्हणून वाचला, आज किराणा दुकान चालवतो.

आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी अजून, ज्या मुंबई-पुण्याचा डॉक्टर सांगणार नाही. उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो आणि लोकांना थंडी बिअर पिऊन वाटतं पोटात गार पडलं. दारू शरीराला पाणी धरून ठेवू देत नाही, ते लघवीवाटे जास्त जातं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस वखरायला नाहीतर नांगरायला वावरात जातो, उष्माघात व्हायला हे पुरेसं आहे. ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि विदर्भात तो बराच आहे, त्यांनी तर याच्या नादालाच लागू नये, अंगातलं पाणी कमी झालं की त्यांना दुखण्याचा जोराचा झटका येतो. शुगरच्या गोळ्या खाणाऱ्यानं उपाशीपोटी घेतली तर मध्यरात्री साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो आणि घरचे समजतात झिंगला आहे, सकाळी उठेल. टीबीच्या गोळ्या सुरू असतील तर अजिबात नाही, त्या गोळ्या आधीच लिव्हरवर जड असतात. पोटुशी बाईनं एक घोटही नाही.

आणि तुम्ही कृषी केंद्रवाले म्हणून एक खास सांगतो. फवारणी करून आलेला माणूस "औषधाची झळ उतरते" म्हणून पेग घेतो. काही उतरत नाही. उलट विषबाधेत घाम येतो, उलटी होते, डोळ्यापुढं अंधारी येते, जीभ जड होते, आणि दारूचा वास येत असला की सगळे म्हणतात जास्त झाली त्याला, झोपू द्या. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती माणसं गेली हे तुम्हाला सांगायची गरज नाही. अशा वेळी एक-दोन तास वाया गेले तरी फार होतं. तुमच्या काउंटरवरून कीटकनाशकाची बाटली देताना हे एक वाक्य सांगत जा, तुमचं ते ऐकतील, माझं ऐकायला ते आजारी पडल्यावरच येतात.

मोहाचं पण लोक विचारतात, नैसर्गिक आहे म्हणून चालते का. मोहफूल चांगलंच आहे, गडचिरोली-गोंदियाकडं त्याचे लाडू खाल्ले आहेत मी, आदिवासी समाजात देवाला दारू वाहायची रीत आहे, तिचा मला पूर्ण मान आहे. पण भट्टीतून निघालेलं अल्कोहोल तेच अल्कोहोल, लिव्हरला फूल आणि ऊस वेगळा कळत नाही. वरून पहिल्या धारेची किती कडक आहे हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. आणि विकण्यासाठी बनवलेल्या हातभट्टीत कोणी मिथेनॉल मिसळलं तर डोळे जातात, जीवही जातो, २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं अशीच गेली.

आता तुमच्यापुरतं. मी तुम्हाला कायमची सोडा असं आज म्हणत नाही, पण सहा आठवडे पूर्ण बंद ठेवा, एक थेंब नाही, बैठकीला जा, रोडगे खा, ग्लासात लिंबू-सोडा घ्या. मग एसजीपीटी, एसजीओटी, जीजीटी, ट्रायग्लिसराईड परत करा. खाली आले तर दोष कशाचा होता ते कागदावर दिसेल. आणि ह्या सहा आठवड्यांत अजून एक कळेल, शनिवारची मजा मित्रांची किती होती आणि दारूची किती. माझ्या अनुभवात बरेच जण येऊन सांगतात, पहिले दोन शनिवार जड गेले, तिसऱ्यापासून गप्पा तशाच झाल्या. आणि जर तुम्हाला सहा आठवडे जमलंच नाही, कारण काढून मोडलं, तर तेही महत्त्वाचं उत्तर आहे, मग या आणि मोकळं बोला. रिपोर्ट चांगले आले आणि परत घ्यायचीच असेल तर क्वार्टर नाही, नव्वद मिलीची बाटली विकत आणा, तेवढीच, कारण बाटली समोर असली की दोन पेगानंतर किती प्यायची हे ठरवणारा माणूस बदललेला असतो. मापानं ओता, आधी जेवा निदान अर्धं, मधे पाणी प्या, खर्रा नाही, गाडी नाही, आणि भांडण झालं, भाव पडला, जीव उदास आहे अशा दिवशी तर नाहीच. दुःखात घेतलेली दारू वेगळी वागते. माझ्या २६ वर्षांत शेतकऱ्यांच्या ज्या अतिशय वाईट रात्री मी पाहिल्या त्यातल्या कितीतरी रात्री दारूनं हिंमत दिली म्हणून त्या टोकाला गेल्या. असं मन कोणाचं होत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

आता तुमचे मोठे भाऊ. तुमच्या भावाच्या बाबतीत मजेचा आणि तब्येतीचा तराजू लावूच नका, कारण एका पारड्यात आता काहीच उरलेलं नाही. सकाळची टिल्ली ते मजेसाठी घेत नाहीत, हात थांबावे म्हणून घेतात. मेंदूला दारूची सवय होऊन त्यानं आपला सगळा जोर उलट्या बाजूला लावून ठेवलेला असतो, दारू एकदम काढली की तो जोर मोकळा सुटतो. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो.

एका पेशंटची गोष्ट सांगतो, दहाएक वर्षं झाली असतील. शेतमजूर, रोज देशी पिणारा, घरच्यांनी गणपतीसमोर शपथ घालून सोडवली, खोलीत बंद केला. चौथ्या दिवशी मला बोलावलं, तोपर्यंत एक मांत्रिक येऊन गेला होता, दाराला लिंबू टांगलेलं. आत गेलो तर तो खाटेवर बसून गोधडीवरून कापूस वेचत होता. खरंच वेचत होता, दोन्ही हातांची बोटं बोंडातून सरकी काढावी तशी चालत होती, वेचून कमरेच्या नसलेल्या ओटीत टाकत होता, मधेच बायकोला म्हणे ही ओळ राहिली तुझी. अंग घामानं ओलं, नाडी १४०, ताप. त्याला बाहेरचं काही लागलेलं नव्हतं, दारू एकदम तोडल्याचा तो भ्रम होता, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. जीपमध्ये टाकून जिल्ह्याला नेला, झोपेच्या गटातली औषधं आणि जीवनसत्त्व बी-१ ची इंजेक्शनं देऊन पाच दिवसांत शुद्धीवर आला. जिद्दीनं सोडणं चांगलंच, पण रोज पिणाऱ्यानं, त्यातही सकाळी पिणाऱ्यानं, घरी एकदम सोडणं धोक्याचं आहे. ते औषधांच्या आधारानं, सात-आठ दिवसांत उतरवत, डॉक्टरच्या नजरेखाली करायचं असतं.

त्यात अजून एक चूक होते. घरचे म्हणतात अशक्तपणा आला, एक सलाईन लावून द्या. अशा माणसाच्या अंगात बी-१ संपलेलं असतं, आणि आधी बी-१ न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, चालताना तोल जातो, डोळे वाकडे होतात, आठवण जाते. कोणीही सलाईन लावत असेल तर आधी सांगा की हा माणूस रोज पितो.

आणि पावडर. अशा काही पावडरींमध्ये डायसल्फिराम नावाचं औषध असतं. डेन्मार्कमध्ये दोन संशोधक जंतांच्या औषधाचा अभ्यास करत होते, ते औषध स्वतः घेतलं होतं, आणि वरून दारू पिल्यावर आजारी पडले, तेव्हा हे लक्षात आलं, १९४८ मध्ये त्यांनी छापलं. हे औषध दारूचं विघटन मधेच अडवतं, मघाशी सांगितलेलं ॲसिटाल्डिहाईड रक्तात साठतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं. ज्याला माहीत आहे, ज्यानं स्वतः होकार दिला आहे, ज्याचं लिव्हर-हार्ट तपासलं आहे, त्याला हे औषध खरंच मदत करतं, मी देतो. पण न सांगता चहात टाकलं आणि भावानं नेहमीसारखी टिल्ली मारली तर हार्ट अटॅक येऊ शकतो, आणि औषध बंद केल्यावरही त्याचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. वहिनीला दोष देऊ नका, वीस वर्षं सहन केल्यावर बाई काहीही करून पाहते. ती पुडी तुम्ही ताब्यात घ्या.

भावाला जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा, सकाळी. नेईपर्यंत त्यांची दारू तुम्ही बंद करू नका, निघताना हात थरथरत असतील तर थोडी घेतली तरी चालेल, फक्त डॉक्टरला खरं सांगा किती वाजता आणि किती. पोट फुगलं आहे का, पायावर सूज आहे का, काळी शौच होते का, कधी फिट आली होती का, हे चार प्रश्न रात्रीच विचारून कागदावर लिहून ठेवा, रक्ताची उलटी झाली असेल तर सकाळची वाट न पाहता आजच निघा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६ आहे, जवळचं केंद्र ते सांगतात. लिव्हरची अवस्था पाहून पुढं इच्छा कमी करायची औषधं आहेत, नाल्ट्रेक्झोन, ॲकॅम्प्रोसेट, लिव्हर जास्त खराब असेल तर बॅक्लोफेन, कोणतं ते तिथला डॉक्टर ठरवेल. सोबत वहिनी असू द्या, आणि गाडीवर मागं बसवून नेऊ नका, रस्त्यात फिट आली तर सांभाळता येणार नाही, एसटीनं किंवा ऑटोनं जा.